पास म्हणजे खुर्ची नव्हे

टीव्ही मालिकांचे कलाकार आणि लेखक प्रेक्षकांना भेटतात अशा फेस्टिव्हलला पहिल्यांदा जाणारे हमखास एका गोष्टीत फसतात. पास गळ्यात पडला की जागा पक्की, असं धरून चालतात. हॉलमध्ये किती माणसं बसवायची हे अग्निसुरक्षेच्या नियमांनी ठरलेलं असतं. तेवढी डोकी आत गेली की दार बंद, पास कितीही महागाचा असो.

म्हणून आधी फेस्टिव्हलची पद्धत बघा. लॉस एंजेलिसच्या पॅलेफेस्टला (सुरुवात १९८४) प्रत्येक मालिकेच्या कार्यक्रमाचं वेगळं तिकीट असतं. ऑस्टिनच्या एटीएक्सला (२०१२पासून) एकाच पासावर बरेच कार्यक्रम बघता येतात, पण मग सगळा खेळ रांगेचा. सॅन दिएगो कॉमिक-कॉनची तऱ्हा तिसरीच. तिथल्या हॉल एचमध्ये साधारण साडेसहा हजार लोक मावतात आणि दोन पॅनेलच्या (म्हणजे मंचावर कलाकार-लेखकांच्या गप्पांच्या) मध्ये हॉल रिकामा करत नाहीत. दुपारी चारचं पॅनेल बघायचं असलेली मंडळी सकाळीच खुर्ची धरून बसतात. साडेतीनला पोचणाऱ्याला दारावरचा स्वयंसेवक तेवढा भेटतो.

दिवसाला मोठं पॅनेल एकच ठरवा. उरलेला वेळ लहान हॉलमधल्या लेखकांच्या चर्चांना द्या. माझ्या मते खरा माल तिथेच असतो. कलाकार करारांनी बांधलेले असतात. पुढच्या सीझनबद्दल त्यांना चकार शब्द काढता येत नाही. लेखक मात्र प्रसारित झालेल्या भागांबद्दल मोकळेपणाने बोलतात: पहिल्या भागाचा मसुदा कसा बदलला, एखादं पात्र का मारलं, कोणता प्रसंग बजेटपायी उडाला.

प्रश्नोत्तरं बहुधा शेवटची दहा-पंधरा मिनिटं. म्हणजे पाच-सहा प्रश्न, संपलं. माइक हवा असेल तर वाटेलगतची खुर्ची पकडा. प्रश्न वीस सेकंदांत मावायला हवा आणि एकाच प्रसंगाबद्दल हवा. ‘मी तुमचा खूप मोठा चाहता आहे’ यात दहा सेकंद जातात, आणि हॉलमध्ये दुसरं कोण बसलंय? ‘पुढे काय होणार?’ हा प्रश्न तर वायाच. मिठी किंवा सेल्फी मागितली की सूत्रसंचालक माइक पुढे सरकवतो. न दाखवलेला भाग पडद्यावर असताना फोन बाहेर काढलात तर थेट हॉलबाहेर जाल.

पॅनेलच्या तिकिटात सही येतेच असं नाही. सही मिळालीच तर बॉलपेन चकचकीत फोटोवर घसरतं. तिथे पर्मनंट मार्कर न्या. गडद पोस्टरला चंदेरी पेंट मार्कर. तो आधी हलवून, टोक रद्दी कागदावर दाबून शाई उतरवून ठेवा, नाहीतर सहीच्या जागी डाग पडतो. आणि सही वाळेपर्यंत पोस्टर गुंडाळू नका.