म्हशीचा सातबारा

गंभीर पुस्तक लेकराला वाचून दाखवणं सोपं. मधली पानं गाळली तरी पोट्टं जांभई देऊन झोपतं, आपणही सुटतो. येडपट पुस्तकात ती सोय नाही. एक शब्द इकडचा तिकडे झाला की भाचा गोधडी फेकून उठून बसतो. "मामा, म्हशीनं आंधी चष्मा लावला, मंग सातबारा मांगतला. तू कायले घाई करून रायला?"

गोष्ट एवढीच की एक म्हैस तहसीलीत जाते आणि गावचं डबकं नावावर करून मागते. बाबू म्हणतो, दोन फोटो लागतील. म्हैस म्हणते, एका फोटोत मी मावणारच नाही, दोन जोडूनच एक होईल. इथं भाचा रोज तितकंच हसतो. आवाज मात्र मला काढावे लागतात. एकदा ऐन रंगात गोठ्यातली खरी म्हैस हंबरली, तर हा म्हणतो, "तिचा बराबर हाय. तुयाच चुकते."

बाबा बाजूच्या खाटेवर. हरभऱ्याच्या ओलिताला रात्रपाळीची लाईन, ती येईस्तोवर जागे. "याच्यातून लेकरानं घ्यावं काय?" हा त्यांचा ठरलेला सवाल. मी म्हटलं, 'एटू लोकांचा देश' हे असंच येडपट बालकवितांचं पुस्तक विंदा करंदीकरांनी 1963 साली लिहिलं, आणि पुढे त्यांनाच 2003चा ज्ञानपीठ मिळाला. "तो त्या एटूसाठी भेटला काय?" मी पान उलटलं.

पण येडपटपणा कानात शिरला की माणूस निर्धास्त राहत नाही. दोन-चार रात्रींनी बाबा अंधारातून म्हणाले, "म्हैस थेट तहसीलीत कायले गेली? आंधी तलाठी. तो फेरफार घेईन, पंधरा दिवसाची नोटीस काढीन, मंग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करीन. लेखकाले काईच मालूम नाई." उभा जन्म वाटणीच्या फेरफारात गेलेला माणूस, त्याच्याशी कोण वाद घालणार?

भाच्याला हे इतकं पटलं की आता छापलेलं संपलं की नोटीसही वाचावी लागते. "आबाजी, हरकत कोनी घेतली काय?"

"बेडकाइनं," बाबा म्हणाले. चेहऱ्यावर रेष हलली नाही. "वहिवाट त्याइचीच हाय ना."

म्हणजे आता सुनावणी आली. बेडकं बरीच आहेत, प्रत्येकाची जबानी वेगळी, आणि आवाज मलाच काढायचे आहेत.