‘किती छान बारीक झालीस गं!’ हे आता बंद करा

काल पुन्हा तेच. इथे इंदुरात, रामबागेत नात्यातली मुंज होती. मांडवात पाऊल टाकतोय तोच एक काकू माझ्या मुलीचा हात धरून ओरडल्या, ‘अगंबाई, किती छान बारीक झालीस! काय करतेस, आम्हालाही सांग की!’ मागून दुसऱ्या आल्या, ‘एकदम फिट हो गई बेटा!’ पोरगी हसली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रात्री तिने ताट बाजूला सारलं. भूक नाही म्हणाली. तीन महिने एकेक घास वाढवत आणला होता, तो एका वाक्यात पाण्यात.

काकू, तुम्ही जो हात धरलात ना, त्या हातातली बांगडी कोपरापर्यंत वर सरकते. बाहेर इंदूरचं ऊन डोकं भाजतंय आणि ही घरात पंखा बंद करून शाल घेऊन बसते. न्हाणीघराच्या जाळीत रोज केसांचा पुंजका अडकतो. पाच महिने पाळी नाही. हे शिकायचंय तुम्हाला तिच्याकडून?

दीड वर्षापूर्वी तिचं वजन उंचीच्या मानाने अगदी बरोबर होतं. कोणीतरी ‘साडीत जरा जाड दिसतेस’ म्हणालं आणि हिने ऑनलाइन एक डाएटवाली गाठली. त्या बाईने उंची विचारली नाही, रक्ताचा रिपोर्ट मागितला नाही, पैसे घेतले आणि चार्ट पाठवून दिला. ठरवलेलं वजन आलं, मग आणखी दोन किलो, मग आणखी दोन. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. मोठ्या माणसाचं उत्तर १८.५ च्या खाली आलं की जागतिक आरोग्य संघटना त्याला कमी वजन म्हणते. हिचं कधीच खाली गेलंय. पण आपल्याकडे पोर जरा भरली की अख्खं खानदान डॉक्टर होतं, आणि हाडं मोजता यायला लागली की टाळ्या!

डॉक्टरांनी नाडी पाहिली, मिनिटाला ४८ ठोके. मी म्हटलं, खेळाडूंची असते ना अशी? ते म्हणाले, ‘ही खेळाडू नाही. हिचं हृदय काटकसर करतंय.’ अन्न पुरत नाही तेव्हा शरीर एकेक खर्च बंद करतं. पाळी थांबते, हाडं जपणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरक उतरतं, हाडं विरळ व्हायला लागतात. विशीत हाडांत जे साठतं त्याच्यावर पुढचं सगळं आयुष्य काढायचं असतं, आणि ते नंतर पूर्ण भरून येईलच असं नाही. रक्तातलं पोटॅशियम घसरलं तर हृदयाचे ठोकेच चुकतात. हे ऐकताना मी त्या खुर्चीत बसल्या बसल्या थरथरत होते.

घरी येऊन मी वाचत सुटले. १९४४-४५ साली अमेरिकेत, मिनेसोटा विद्यापीठात, अ‍ॅन्सेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीने, सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. ते पुरुष चिडचिडे झाले, उदास झाले, त्यांना थंडी वाजायला लागली, डोक्यात दिवसरात्र जेवण. काहीजण तर पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. ते वाचलं आणि मला रडू फुटलं. माझी लेक रात्री दोन वाजेपर्यंत केकचे व्हिडिओ बघते! रविवारी सगळ्यांसाठी पोहे तीच करते, वरून सेव, जिरावन मसाला, लिंबू, कोणाला काही कमी पडू देत नाही. स्वतःच्या बशीत चार चमचे, त्यातलेही शेंगदाणे निवडून काठावर ओळीने मांडून ठेवलेले. मी ह्याला नखरे समजत होते. ती भूक होती.

आणि ज्यांना कळलंय, त्यांची दुसरी तऱ्हा. ‘वहिनी, डिंकाचे लाडू चारा, रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत नेऊन रोज रबडी-जलेबी खाऊ घाला, महिन्यात गुटगुटीत होईल.’ अहो, फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम भरमसाट अन्न गेलं तर रक्तातलं फॉस्फेट, म्हणजे शरीराला लागणारा एक क्षार, कोसळतं, जिवावर बेतू शकतं. म्हणून डॉक्टर रक्त तपासत, बेताबेताने वाढवतायत. मानसोपचारतज्ज्ञाकडेही जातोय. हो, जातोय, त्यात कुजबुजण्यासारखं काही नाही.

येत्या पौर्णिमेला आमच्याकडे सत्यनारायण आहे. सगळ्यांनी या. तिची परीक्षा विचारा, तिच्या हातची रांगोळी बघा. पण जी कोणी तिच्या कमरेकडे, गालांकडे, मनगटाकडे बघून एक शब्द काढेल, कौतुकाचा असो की काळजीचा, तिला मी प्रसाद हातात देऊन दारापर्यंत सोडून येईन. मग नातं कितीही जवळचं असो.