देवीच्या लशीने देवीपेक्षा अधिक बळी घेतले काय?

‘देवीच्या रोगापेक्षा देवीच्या लशीनेच अधिक माणसे मारली; रोग गेला तो स्वच्छतेमुळे’ असा मजकूर पुष्कळ फिरतो आहे. पुराव्यादाखल त्यात अमेरिकेतील लसमृत्यू आणि लससक्ती असूनही इंग्लंडमध्ये आलेली 1871-72 ची देवीची साथ दिलेली असते.

लशीने मृत्यू झाले, हे आधी मान्य केले पाहिजे. 1861 साली इटलीतील रिव्हाल्टा गावात एका मुलाच्या दंडावरील लशीच्या फोडातला द्रव इतरांना लस म्हणून टोचताना उपदंश (सिफिलिस हा गुप्तरोग) पसरला होता. वासरावर वाढवलेली लस आल्यावर तो धोका टळला, तरी क्वचित होणारा मेंदूदाह राहिलाच. 1968 साली अमेरिकेत सुमारे 1 कोटी 42 लाख लोकांना देवी टोचल्या गेल्या आणि त्यातून 9 जण दगावले. त्या वर्षी तिथे देवीच्या रोगाने कोणीच मेले नाही, त्यामुळे मजकुरातील विधान तेवढ्यापुरते अक्षरशः खरे ठरते! मात्र 1949 नंतर त्या देशात देवीचा रुग्णच आढळलेला नव्हता, हे मजकूर सांगत नाही. रोग असलेल्या देशातला हिशेब पाहायचा, तर भारतात 1974 या एका वर्षात सुमारे 1,88,000 रुग्णांपैकी 31,000 दगावले, म्हणजे साधारण सहांमागे एक.

इंग्लंडच्या साथीत चाळीस हजारांहून अधिक लोक मेले, हे खरे आहे. पण 1853 च्या लसीकरण कायद्याची सक्ती तान्ह्या मुलांपुरती होती, अंमलबजावणी ढिली होती, आणि लशीचे संरक्षण काही वर्षांनी ओसरते. जर्मनीने 1874 च्या कायद्याने बाराव्या वर्षी पुन्हा टोचणे सक्तीचे केले आणि तिथे देवी जवळजवळ नाहीशी झाली.

राहिला स्वच्छतेचा मुद्दा. देवी गटारातून किंवा पाण्यातून नव्हे, तर रोग्याच्या श्वासातून आणि फोडांतून पसरत असे. 1974 च्या साथीचा सर्वांत मोठा तडाखा बिहारला बसला, आणि 24 मे 1975 नंतर देशात एकही नवा रुग्ण सापडला नाही. एवढ्या अवधीत बिहारमधील गटारे काही बांधून झाली नव्हती. झाले ते इतकेच, की घरोघर रोगी शोधले गेले, त्यांच्या दारावर पहारेकरी बसले आणि आसपासच्या प्रत्येकाच्या दंडावर दुहेरी टोकाच्या सुईने पंधरा वेळा टोचले गेले. ‘देवीचा रोगी कळवा, हजार रुपये मिळवा’ ही आपल्याकडच्या भिंतींवरची अक्षरे त्याच शोधातली.