‘सही केली की कायदा’? थोडं थांबा

नातेवाइकांच्या ग्रुपवर तो मजकूर पुन्हा आलाय: ‘अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष म्हणजे चार वर्षांचा राजा. सही केली की कायदा, न्यायाधीश त्याचेच, माफी कुणालाही, युद्ध मर्जीनुसार.’ यातला एक दावा बराचसा खरा आहे. तो शेवटी घेतो.

सहीच्या गैरसमजात आपल्या बातम्यांचाही हात आहे. ‘एक्झिक्युटिव्ह ऑर्डर’ला सर्रास ‘वटहुकूम’ म्हटलं जातं. आपला वटहुकूम घटनेच्या १२३व्या कलमाखाली निघतो आणि त्याला थेट कायद्याचं बळ असतं; संसदेने मंजूर केला नाही, तर अधिवेशन भरल्यापासून सहा आठवड्यांनी तो संपतो. अमेरिकी राष्ट्राध्यक्षाकडे असलं हत्यारच नाही. त्याचा आदेश म्हणजे सरकारी खात्यांना दिलेली सूचना, आणि तिला घटनेचा किंवा काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, कायद्याचा आधार लागतो. २० जानेवारी २०२५ ला ट्रम्प यांनी जन्मसिद्ध नागरिकत्वाला, म्हणजे अमेरिकेत जन्मल्यामुळे मिळणाऱ्या नागरिकत्वाला, कात्री लावणाऱ्या आदेशावर सही केली. एच-वन-बीवर गेलेल्या आपल्या कितीतरी घरांना तेव्हा घोर लागला, कारण तात्पुरत्या व्हिसावरच्या आईबापांची मुलंही त्यात येत होती. २३ तारखेला सिएटलच्या न्यायाधीशांनी तो रोखला. जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने असे देशव्यापी मनाई हुकूम देण्यावरच मर्यादा घातली. जुलैत न्यू हॅम्पशायरच्या कोर्टाने सामूहिक दाव्याच्या वाटेने आदेश पुन्हा अडवला.

सिएटलचे ते न्यायाधीश रेगन यांनी नेमलेले, म्हणजे ट्रम्प यांच्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाने. ‘न्यायाधीश त्याचेच’ म्हणणाऱ्यांनी १९५२ सालही बघावं. कोरियात युद्ध चालू होतं, पोलाद कामगारांचा संप तोंडावर होता, म्हणून राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी कारखाने सरकारच्या ताब्यात घेतले. तेव्हा सुप्रीम कोर्टातले नऊच्या नऊ न्यायाधीश रूझवेल्ट किंवा खुद्द ट्रुमन यांनी नेमलेले. निकाल लागला ६ विरुद्ध ३, ट्रुमन यांच्या विरोधात! विरोधात मत देणाऱ्यांत टॉम क्लार्कही होते, ट्रुमन यांचेच माजी अॅटर्नी जनरल. १९७४ मध्ये वॉटरगेट घोटाळ्यात राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना त्यांच्या संभाषणांच्या ध्वनिफिती द्यायला लावणारा निकाल तर ८ विरुद्ध ० होता, आणि त्या आठांतले तिघे निक्सन यांनीच नेमलेले. अर्थात याच कोर्टाने २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्षाला अधिकृत कृत्यांसाठी फौजदारी खटल्यापासून मोठं संरक्षण दिलं. मला तो निकाल पटलेला नाही, पण तो लपवून वाद जिंकण्यात मजा नाही.

माफीचं थोडक्यात: ती फक्त संघराज्याच्या कायद्याखालच्या गुन्ह्यांना. न्यूयॉर्क राज्याच्या कायद्याने शिक्षा झाली असेल, तर राष्ट्राध्यक्षाची सही तिथे चालत नाही. महाभियोगालाही माफी नाही.

आता युद्ध. इथे तो मजकूर सत्याच्या जवळ जातो. घटनेप्रमाणे युद्ध पुकारणं काँग्रेसचं काम, पण तिने शेवटचं युद्ध पुकारलं १९४२ मध्ये. कोरिया, व्हिएतनाम, सगळं त्याशिवाय. १९७३ मध्ये निक्सन यांचा व्हेटो मोडून काँग्रेसने कायदा केला: परवानगी नसेल तर साधारण ६० दिवसांत सैन्य मागे. २०११ मध्ये लिबियावर हल्ले चालू असताना ही मुदत उलटली, तेव्हा ओबामा सरकारने युक्तिवाद केला की या कायद्याला अभिप्रेत असलेली लढाई ही नव्हेच. लोक याला राष्ट्राध्यक्षाची दादागिरी म्हणतात. मला त्यात काँग्रेसची पळवाट जास्त दिसते. २४ जून २०११ ला काँग्रेसच्याच प्रतिनिधीगृहाने लिबियाच्या मोहिमेला परवानगी नाकारली, आणि त्याच दिवशी तिचे पैसे तोडायचा प्रस्तावही फेटाळला.