मेंबर ॲड करतो, थांबा जी

शेतकरी उत्पादक कंपनीच्या शेअरपॉइंट साइटवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ज्या सामायिक जागेत कंपनीचे कागद आणि याद्या राहतात तिथं, एखाद्याला घ्यायचं म्हटलं की सॉफ्टवेअर एकच गोष्ट मागतं: त्याचा ईमेल पत्ता. त्याच्या हिशेबात एक पत्ता म्हणजे एक माणूस. यवतमाळकडच्या गावात मात्र एक फोन म्हणजे एक घर असतं, आणि ईमेल म्हणजे पीकविम्याचा अर्ज भरताना सेवा केंद्रातल्या पोरानं काढून दिलेली वस्तू. पासवर्ड त्या पोराच्या वहीत, आणि पोरगं भरतीच्या तयारीला अमरावतीत. "भाऊ, ईमेल आहे काय?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "आहे न जी, काहून नाही? घरच्या फोनमंदी आहे." घरचा फोन डवरणीवाल्यासोबत वावरात गेलेला असतो.

म्हणून बटणाला हात लावण्याआधी कागदावर चार रकाने आखावेत असं माझं ठाम मत आहे. नाव, पत्ता, तो पत्ता ज्या फोनवर उघडतो त्याचा नंबर, आणि तो फोन दिवसभर कुणाच्या खिशात असतो. चौथा रकाना कुठल्याही मदतपुस्तिकेत सापडत नाही, पण निम्मं काम तिथंच अडतं. पत्ता तोंडी तर मुळीच घेऊ नये. वानखडे रोमन लिपीत गेले की डब्ल्यूचे होतात, व्हीचे होतात, मधला ए कधी ई होतो, आणि शेवटी जन्मसाल की गाडीचा नंबर हेही त्या बिचाऱ्याला आठवत नाही. त्यापेक्षा त्याच्याच फोनवरून तुम्हाला एक कोरा मेल पाठवून घ्यावा. जो पत्ता येईल तो खरा. बाकीचे त्याच्या पाहुण्यांचे.

आता बटण. साइट उघडून वरच्या दातेरी चाकावर टिचकी मारायची, 'साइट परमिशन्स'मध्ये जायचं, 'ॲड मेंबर्स' निवडायचं. साइट मायक्रोसॉफ्ट 365 च्या गटाला जोडलेली असेल तर दोन फाटे फुटतात. 'ॲड मेंबर्स टू ग्रुप' केलं तर माणूस साइटसोबत गटाची मेलपेटी, कॅलेंडर आणि जोडलेली असेल तर टीम्सची टीम असा सगळा संसार घेऊन आत येतो. 'शेअर साइट ओन्ली' केलं तर फक्त साइट मिळते. ज्याला सोयाबीनचे भाव आणि बैठकीचं इतिवृत्त एवढंच पाहायचंय, त्याच्यासाठी दुसरा फाटा पुष्कळ झाला.

मग येतो अधिकारांचा प्रश्न, आणि इथून राजकारण सुरू होतं. साइटवर अधिकारांचे तीन वेगळे गट मूळचेच असतात: ओनर्सना पूर्ण ताबा, मेंबर्सना बदल करायची मुभा, व्हिजिटर्सना फक्त वाचन. उत्पादक कंपनीत कायद्याने 5 ते 15 संचालक असतात आणि त्यातल्या प्रत्येकाला ओनरच व्हायचं असतं. "अध्यक्षाले देलं, मंग मले काहून नाही?" या प्रश्नाला तांत्रिक उत्तर नाही. व्यवहार सांगतो की ओनर दोन-तीन असावेत. एकच ठेवला आणि तो सोडून गेला की साइटला वाली उरत नाही, आणि पंधरा ठेवले की रोज नवा कारभार. मेंबरलाही हलकं समजू नये. त्याच्या 'एडिट' अधिकारात अख्खी यादी पुसायची ताकद असते. कुणी सभासदांची यादी उडवलीच तर ती रिसायकल बिनमध्ये 93 दिवस असते, तेवढ्यात परत आणता येते. पण 93 दिवस म्हणजे पेरणीपासून पोळ्यापर्यंत कुणाच्या लक्षातच आलं नाही तर संपलं. म्हणून बहुतेकांना 'रीड' द्यावं आणि चहा पाजावा.

खरी मजा बाहेरच्या माणसाची, म्हणजे ज्याचं खातं संस्थेचं नसून जीमेलचं आहे त्याची. बाहेरच्यांना घेण्याची परवानगी ॲडमिनने बंद ठेवली असेल तर तुम्ही पत्ता कितीही अचूक टाका, लाल अक्षरांत नकार येतो. ती सूट शेअरपॉइंट ॲडमिन सेंटरमध्ये, 'ॲक्टिव्ह साइट्स'मधल्या त्या साइटच्या 'एक्स्टर्नल शेअरिंग'खाली असते. आणि संपूर्ण संस्थेला जेवढी ढील दिलेली असते त्याहून जास्त ढील एका साइटला देता येत नाही. त्यामुळे आधी वर विचारावं, मग खाली भांडावं.

परवानगी मिळाली, निमंत्रणाचा मेल गेला. पण निमंत्रण म्हणजे लग्नपत्रिका: दिली म्हणून माणूस पंगतीला बसला असं होत नाही. जीमेलवाल्याने लिंक दाबली की बहुतेक वेळा त्याच्या पत्त्यावर एक कोड जातो आणि तो 30 मिनिटं चालतो. अमेरिकेत बसून ठरवणाऱ्याला अर्धा तास भरपूर वाटला असेल. इकडे बापाचं जीमेल उघडलेलं असतं हिंजवडीत नोकरीला असलेल्या मुलाच्या फोनवर. बाप बोंडअळीचं औषध बाजूला ठेवून लिंक दाबतो, कोड हिंजवडीला जातो, मुलगा मीटिंगमध्ये. मीटिंग संपल्यावर तो कोड व्हॉट्सॲपवर टाकतो, तोवर इकडे लाइन गेलेली, लाइनमागोमाग टॉवर गेलेला. पाण्याच्या टाकीजवळ जरा रेंज येते, तिथे उभं राहून बाप कोड घालतो आणि कोड मेलेला. "मले त काहीच दिसून नाही रायलं बाप्पा," असा फोन तुम्हाला येतो. यावर इलाज एकच: चौथा रकाना पाहून, पोरगा मोकळा असेल तेव्हाच लिंक दाबायला सांगायची. कोडऐवजी पासवर्ड मागितला तर समजायचं की त्याच पत्त्यावर कधीतरी कुणी मायक्रोसॉफ्टचं खातं काढून ठेवलंय. तिथे वाद न घालता 'पासवर्ड विसरलो' दाबावं.

दुसरी तऱ्हा गटसचिवांची. त्यांच्या मोबाइलवर आधीपासूनच दुसऱ्याच कार्यालयाचं खातं चालू असतं. ब्राउझर गुपचूप तेच खातं पुढे करतो आणि साइट म्हणते, तुम्हाला प्रवेश नाही. खाली 'रिक्वेस्ट ॲक्सेस' असं बटण असतं. गावात बटण दिसलं की ते दाबायचं असतं, एकदा दाबून काही झालं नाही तर पुन्हा दाबायचं असतं. या साऱ्या विनंत्या ज्याच्या मेलवर जातात तो साहेब बदलीवर गेलेला निघाला की त्या तिथेच कुजतात. 'साइट परमिशन्स'मध्ये 'चेंज हाऊ मेंबर्स कॅन शेअर' उघडून विनंती कुणाकडे जाते ते एकदा पाहून घ्यावं. सचिवांना मात्र एवढंच सांगावं: गुप्त खिडकी, म्हणजे इनकॉग्निटो, उघडा आणि लिंक तिथे चिकटवा. "चोरीचं काम आहे काय जी?" असं ते विचारतात. नाही म्हणावं.

पुष्कळ बाहेरचे एकदमच घ्यायचे असतील तर ॲडमिनला एंट्रा पोर्टलमधून, म्हणजे मायक्रोसॉफ्टची खाती सांभाळायच्या जागेतून, सीएसव्ही फाइल (एक्सेलमध्ये उघडणारी साधी यादी) चढवता येते. तिच्या पहिल्या दोन ओळी नमुन्यात जशा आहेत तशाच राहू द्याव्यात. कुणीतरी नीटनेटका माणूस एक्सेलमध्ये 'ही फालतू ओळ' म्हणून पहिली पुसतो आणि फाइल अडते. पुनर्निर्देशनाच्या रकान्यात साइटचाच पत्ता घालावा. नाहीतर शेतकरी कुठल्याशा ॲप्सच्या पानावर उतरतो आणि तिथे आपल्या कंपनीचं नाव शोधत बसतो.

काढणं सोपं वाटतं, पण माणूस गटातून काढला तरी त्याला एखाद्या फाइलची वेगळी लिंक दिलेली असेल तर ती तशीच चालू राहते. त्या फाइलच्या 'मॅनेज ॲक्सेस'मध्ये जाऊन ती स्वतंत्र काढावी लागते. 'शेअर साइट ओन्ली'ने आलेला गटाच्या यादीत सापडतच नाही, तो 'साइट परमिशन्स'मध्येच शोधावा. आणि काढलेला माणूस संचालक असेल, तर त्याला का काढलं याची नोंद आधी इतिवृत्तात घालून सही घ्यावी, मग बटण दाबावं.