काजळी, कबरी गाय आणि गाळलेले अकरा दिवस

आयर्लंडमधील पाऊसखुणांवरच्या माझ्या लेखाने अंधश्रद्धेला विज्ञानाचा मुलामा दिला आणि शाळकरी मुलांच्या वह्यांना पुरावा मानले, असे दोन आक्षेप आपण घेतले आहेत. पहिला मला अर्धा मान्य आहे. तो कोणता अर्धा, हे मात्र सांगायला हवे.

माझी चूक अशी की, दोन निराळ्या जातींच्या खुणा मी एकाच दावणीला बांधल्या. चंद्राला खळे पडले किंवा धुराड्यातली काजळी चुलीत गळू लागली की पाऊस जवळ आला, ही पहिली जात. उंचावरच्या पातळ ढगांतील हिमस्फटिकांमधून चंद्रप्रकाश वळतो म्हणून खळे दिसते, आणि अटलांटिकवरून येणाऱ्या उबदार हवेच्या आघाडीपुढे बहुधा असेच ढग पसरलेले असतात. काजळीही दमट हवेतला ओलावा शोषून जड होते. कापलेले गवत शेतात वाळत पडले असताना, चुलीपुढच्या फरशीवर पडलेला काजळीचा गोळा पाहून मुलांना गंजी रचायला पिटाळणाऱ्या म्हातारीला उद्यापुरतेच कळायला हवे असे, आणि तेवढे पुष्कळदा कळतही असावे.

दुसरी जात तारखांची. १५ जुलैला, संत स्विदिनच्या दिवशी, पाऊस पडला तर तो चाळीस दिवस हटत नाही, ही समजूत (मूळची इंग्लंडमधली) त्यातलीच. एप्रिलच्या आरंभीच्या कडाक्याला आयरिश लोक ‘कबऱ्या गायीचे दिवस’ म्हणतात: मार्च सरला, आता माझे काय बिघडते, अशी फुशारकी मारणाऱ्या गायीचा जीव घेण्यासाठी मार्चने एप्रिलकडून तीन दिवस उसने घेतले. कथा म्हणून ती मला फार आवडते. भाकीत म्हणून ती कुचकामी आहे. १७५२ साली आयर्लंडमध्ये नवी दिनदर्शिका आली, सप्टेंबरमधले ११ दिवस गाळले गेले आणि जुन्या गणनेचा १५ जुलै नव्या २६ जुलैवर जाऊन पडला; तरीही स्विदिनचा पाऊस छापील तारखेमागून मुकाट्याने गेला, असे मानावे लागते. हे लेखात यायला हवे होते.

वह्यांविषयी. १९३७ ते १९३९ या काळात आयरिश लोकसाहित्य आयोगाच्या योजनेत सुमारे ५,००० शाळांतील मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून हे सारे उतरवून घेतले. त्यांतून पाऊस केव्हा पडला हे कळत नाही, लोक काय मानत होते हे कळते. फसलेल्या खुणा कोणी लिहून ठेवत नाही, हा आपला मुद्दा बिनतोड आहे. म्हणून लेखातला ‘अचूक’ हा शब्द मी आज काढला आहे आणि स्विदिनचा परिच्छेद वेगळा केला आहे. खळे आणि काजळी मात्र होती तिथेच आहेत.