न लिहिलेली सूचना

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत सूचना नाही अशी भिंत नाही. 'जिन्यात चपला काढू नयेत.' 'लिफ्टचे दार लावावे, ते आपोआप लागत नाही.' 'वरील सूचना वाचावी.' लेखक एकच, अध्यक्षकाका. एका रविवारी काकांनी पंपाच्या कंट्रोलरचा बोर्ड माझ्या हातात ठेवला. "हा हल्ली टाकी भरली म्हणून पंप बंद करतो आणि टाकी असते ठणठणीत कोरडी. बनवणाऱ्यानं धंदा गुंडाळलाय. तू कॉम्प्युटरमधलाच ना?"

बोर्डावर इंटेलचा ८०३१ प्रोसेसर होता. ८०५१चाच भाऊ, पण पोटात स्वतःची रॉम, म्हणजे प्रोग्रॅम साठवायची जागा, नाही. शेजारणीकडून विरजण आणावं तशी प्रोग्रॅममधली प्रत्येक सूचना हा शेजारच्या ईप्रॉममधून, म्हणजे प्रोग्रॅम साठवलेल्या वेगळ्या चिपमधून, आणतो. तपकीर गल्लीतल्या ओळखीच्या दुकानातून प्रोग्रॅमर, म्हणजे ईप्रॉम वाचायचं यंत्र, उसनं आणलं, ८१९२ बाइट वाचून काढले आणि बाइटांवरून सूचना लिहून देणाऱ्या डिसअसेंबलरला घातले. म्हणजे चकली चाखून भाजणीचं प्रमाण सांगायचं.

निम्म्याहून जास्त ईप्रॉम रिकामी निघाली. पण रिकाम्या जागेत एफएफ असतं (बाइट असाच दोन चिन्हांत लिहितात, ० ते ९ आणि ए ते एफ वापरून) आणि ८०५१च्या भाषेत एफएफचा अर्थ 'ए नावाच्या कप्प्यातलं उचलून आर७ मध्ये ठेव' असा होतो. त्यामुळे पाचेक हजार ओळी नुसतं ठेव, ठेव, ठेव. त्यातल्या पहिल्या दोनशे मी मन लावून वाचल्या. का, ते विचारू नका.

मग भेटला ए५.

या घराण्यात एका बाइटच्या २५६ सूचनांना जागा आहे. इंटेलनं १९८० साली त्यातल्या २५५ भरल्या. उरला तो ए५, त्याच्यापुढे तक्त्यात एकच शब्द: राखीव. अहो, बसमध्ये राखीव जागेवर निदान कोणासाठी ते तरी लिहिलेलं असतं! इंटेलचं हे जुनंच आहे म्हणा. कॉलेजात इंटेलच्याच ८०८५ प्रोसेसरच्या किटवर आम्ही २४६ सूचनांचं पारायण केलं, तोंडी परीक्षेत घडाघडा म्हणून दाखवलं. चिपमध्ये आणखी दहा चालत्याबोलत्या सूचना होत्या, त्या अधिकृत पुस्तकात छापल्याच नव्हत्या. ६५०२ या दुसऱ्या एका प्रोसेसरची तऱ्हा आणखी वेगळी. छापील १५१, बाकीच्यांपैकी काही चक्क उपयोगी, आणि काही अशा, की प्रोसेसर जागच्या जागी थिजतो, रिसेट दिल्याशिवाय हलत नाही.

मग हा ए५ काय करत असेल? पुढे इंटेलनंच २५१ या प्रोसेसरांच्या मालिकेत हा बाइट नव्या सूचनांचं दार म्हणून वापरला, हे वाचल्यावर तर माझी खात्रीच पटली, की बंद पडलेल्या त्या धंद्यात एक अज्ञात प्रतिभावंत होता. तीन रात्री मी त्याचा माग काढला. खाली टँकर येत होते. "सापडलं का?" हिनं बादली उचलता उचलता विचारलं. "जवळ आलोय," मी म्हणालो.

चौथ्या रात्री आसपासच्या ओळींकडे लक्ष गेलं. अँड, ऑर, पुन्हा ऑर, मग ए५. इतका हिशेब करून उत्तर कुठंच ठेवत नाही, हा कसला प्रोग्रॅम? बाइट पाहिले: ५४, ४१, ४ई, ४बी. हीच अक्षरं म्हणून वाचली तर टी, ए, एन, के. टँक! कोड कुठला आणि मजकूर कुठला हे डिसअसेंबलरला कळत नाही. वाण्याची यादी दिलीत तरी तो तिच्यातून चार 'जंप' सूचना काढून दाखवील. आणि ए५? डिस्प्लेतल्या हिताचीच्या चिपमध्ये जपानी अक्षरं असतात, त्यांत ए५ म्हणजे ओळीच्या मधोमध एक ठिपका. 'टँक·फुल'. सहा वर्षं पंपघरात तो ठिपका माझ्याकडे बघत होता.

दोष टाकीतल्या गंजलेल्या फ्लोटमध्ये होता. तो प्लंबरनं दहा मिनिटांत बदलला. ते सोडा.

मी काकांना सगळं सविस्तर सांगितलं. २५५, राखीव, हिताची, सगळं. काकांनी चष्मा वर केला.

"तो ठिपका होय? तो मीच घालायला लावला होता. नुसती जागा सोडली की मधलं एक अक्षर पुसलं गेल्यासारखं दिसायचं."

"काका, हे कुठं लिहून ठेवलंय का?"

"लिहायचं काय त्यात? मला ठाऊक आहे की!"